चित्रातल्या माणसाला तळवे नाहीत

…ही घ्या, झालं तुमचं काम. तपासणीच्या अहवालाची तीन पानं, प्रत्येक पानावर शिक्का, शेवटच्या पानावर डॉक्टरांची सही. आता या वहीत 'प्रत मिळाली' लिहिलंय ना, त्याच्यापुढे अंगठा — पेन? बरं, पेन घ्या — सही करा आणि निघा तानीताई, सव्वादोनची बस मिळेल तुम्हाला. हाकलते असं समजू नका. म्हणजे हाकलतेच आहे, पण तुमच्या भल्यासाठी. अडीच वाजता पोलीस ठाण्यातून कुणाला तरी तपासणीला आणतायत, फोन आलाय, आणि पोलिसांची गाडी दारात असताना तुम्ही इथे बाकड्यावर बसलेल्या — कशाला उगाच. तिसरी खेप तुमची, मला माहीत आहे. पहिल्यांदा मी म्हटलं, डॉक्टर नाहीत. दुसऱ्यांदा म्हटलं, प्रिंटर बंद आहे. डॉक्टर खरंच नव्हते. प्रिंटरचं — जाऊ द्या प्रिंटरचं. आज मिळाली ना प्रत? उद्या पालघरला कोर्टात जामिनाची तारीख, त्याच्या आधी मिळाली, मग झालं तर.

वाचताय? वाचा वाचा, तुमच्याच नवऱ्याचा कागद आहे, वाचायचा हक्क आहे तुमचा. मला फक्त वाटलं — काय वाटलं ते आता सांगण्यात अर्थ नाही, शाईचं पॅड मी आधीच पुढे सरकवलं होतं, ते तुम्ही बघितलंत. आश्रमशाळा? नववीपर्यंत? बघा. आणि मी पहिल्या दिवशी तुम्हाला अगं-तुगं करत होते. इथे तसंच आहे, म्हणजे नियम नाही, पण वळण — एमआयडीसीतला इंजिनीयर आला की 'सर, बसा ना', आणि डोंगराकडून कुणी आलं की 'ए, तिकडे उभा राहा'. मी तीन महिन्यांत शिकले. मला काहीही पटकन शिकवा, मी शिकते, शाळेत असताना तेवढंच कौतुक व्हायचं माझं. तर वाचा, पण बस मात्र —

कोण? कुठे लिहिलंय? दाखवा. 'ओळखीच्या खुणा: उजव्या हातावर हेतल असे गोंदलेले.'

अहो — नाही हो. बसा. तुम्ही हसताय की रडताय तेच मला कळत नाही. सुकाच्या हातावर हेतल नाही, तुम्हाला माहीत आहे ना ते, सात वर्षांचा संसार तुमचा, हात बघितला असेलच की. नाही, जेलमध्ये नाही गोंदलं. ठाण्यातही नाही गोंदलं. ही हेतल त्यांच्या आधीच्या माणसाची. म्हणजे त्यांच्या आधी ज्याची तपासणी झाली त्याची, मोटारसायकल चोरीतला एक होता, त्याच्या हातावर बदामात हेतल होती, मला चांगली आठवते, बदाम एका बाजूने सुजल्यासारखा होता. त्याचा फॉर्म मी कॉम्प्युटरवर तसाच ठेवला, नाव बदललं, वय बदललं, पत्ता बदलला, आणि हेतल राहिली. एवढंच. टायपिंगची चूक. असं होतं कधीकधी.

असं नका बघू. बरं, कधीकधी नाही, नेहमीच होतं, कारण तसाच फॉर्म बनवलाय. कुणी बनवला? मी. मला शाबासकी मिळालीय त्याबद्दल. मी इथे कंत्राटावर रुजू झाले तेव्हा हे आरोपींचे फॉर्म कोरे असायचे, प्रत्येकाचं सगळं नव्याने टाइप करायचं, एकेकाला वीस-वीस मिनिटं, बाहेर बाळंतीण बाया उभ्या, विंचू चावलेले उभे. मग मी काय केलं — हुशार ना मी — जे प्रत्येक फॉर्मात तेच असतं ते आधीच भरून ठेवलं. 'रुग्ण शुद्धीवर आहे.' 'काही तक्रार नाही.' 'अंगावर ताजी जखम नाही.' नुसतं नाव-गाव-वजन भरायचं आणि छापायचं. चार मिनिटं. दर्पणसर म्हणाले, हेमांगी, तू आलीस आणि या खोलीचं नशीब उघडलं. सर वाईट नाहीत हो. बाहेर एकशे चाळीस पेशंट असतात, सर दारातूनच विचारतात, 'काही आहे का?', मी म्हणते, 'नाही सर', सर सही करतात. मी त्यांच्यावर ढकलत नाही. म्हणजे ढकलावंसं वाटतं, पण 'नाही सर' मीच म्हणते ना.

हो. बरोबर विचारलंत. सुका खोलीत यायच्या आधी ते वाक्य लिहिलेलं होतं. सुका बोईसरला बाजारात भाजी घेत असतील तेव्हाही ते लिहिलेलं होतं. त्यांना अटकसुद्धा झाली नव्हती तेव्हा त्यांच्या अंगावर ताजी जखम नव्हती, माझ्या कॉम्प्युटरमध्ये.

पाणी घ्या. तो माठ रखमामावशी रोज भरते, चांगलं असतं. बस गेली ना तुमची. जाऊ द्या, तीनची आहे. मी एवढं बोलत नाही हो एरवी, घिवलीला माझ्या सासरी विचारा. सासूबाई शेजारणीला सांगतात, 'गरीब हाय पोर, तोंडातून शबूद नाय निघत.' कौतुकानेच सांगतात. मे महिन्यात लग्न झालं माझं, अजून नवी सून म्हणून मान खाली घालूनच वावरते, आणि त्यामुळे काय झालंय, मला घरातली माणसं पायांवरून ओळखता येतात. सासऱ्यांच्या टाचेला भेगा आहेत, वाडीत अनवाणी फिरतात. सासूबाईंच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे. नवरा, निमेश — बघा, नाव घेतलं, घरी घेत नाही, इथे कोण ऐकतंय — निमेश कंपनीतून येतो तेव्हा बुटांमुळे त्याचे पाय पांढरे फटक, बाकी माणूस सावळा. चेहऱ्याआधी पाय पाठ झाले माझे. हे का सांगतेय? ते येईल पुढे. कदाचित नाही यायचं. तुम्ही निघालात तर नाही यायचं.

नाही निघत? बरं.

तर तुम्हाला एक गंमत सांगते. ती भिंतीवर चौकट दिसतेय, कॅलेंडरच्या मागे अर्धी? प्रमाणपत्र आहे. माझं. जूनच्या सव्वीस तारखेला कोळगावला एका हॉलमध्ये कुठल्याशा संस्थेचं प्रशिक्षण होतं, विषय — हसू नका — 'छळाला प्रतिबंध'. जगभर पाळतात तो दिवस, छळ सोसलेल्या माणसांसाठी. डॉक्टरांना बोलावलं होतं, सरांना वेळ नव्हता, सर म्हणाले, हेमांगी, तूच जा, जेवण असतं. त्यामुळे या आख्ख्या दवाखान्यात छळाला प्रतिबंध करण्याचं प्रशिक्षण झालेली एकच व्यक्ती आहे, ती तुमच्यासमोर बसलीय. फोल्डर मिळाला, पेन मिळालं, तुम्ही आत्ता सही केलीत ते तेच पेन. जेवणात पुरी-भाजी आणि श्रीखंड होतं.

मुंबईहून एक बाई आल्या होत्या शिकवायला, फार छान बोलल्या. जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांनी मिळून एक करार केलाय म्हणाल्या, चौऱ्याऐंशी साली — माणसाला कोठडीत घालून छळायचं नाही. कुठल्याही कारणाने नाही. युद्ध चालू आहे म्हणून नाही, आणीबाणी आहे म्हणून नाही, वरून आदेश आला म्हणूनही नाही. मी वहीत लिहिलं, 'काहीच चालत नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या. आपल्या देशाने त्याच्यावर सत्याण्णव साली सही केली. पण नुसती सही. पुढे मंजुरी द्यायची असते, घरात आणून त्याचा कायदा करायचा असतो, ते अजून झालेलं नाही. म्हणजे साखरपुडा झालाय, लग्न बाकी आहे. माझा साखरपुडा डिसेंबरात आणि लग्न मेमध्ये, तर मधल्या पाच महिन्यांत सासूबाईंच्या जिवाला घोर लागला होता, पोरीकडचे मागे फिरतायत की काय म्हणून. आणि हा साखरपुडा माझ्या जन्माच्या आधीचा. शेजारच्या मुलीला मी हे कानात सांगितलं तर ती श्रीखंडात हसली.

मग बाईंनी छळाचे प्रकार सांगितले आणि ते ओळखायचे कसे ते. त्यात एक होता — पायाच्या तळव्यांवर मारायचं. काठीने, पट्ट्याने. त्याला परदेशी नाव आहे, फलांगा. मला वाटलं फाफड्यासारखं काहीतरी असेल, गुजरातेतलं. हेही मी शेजारच्या मुलीला सांगितलं. तेव्हाही हसलो. बाई सांगत होत्या, हे करणारे तळवेच का निवडतात, तर तिथे कुणी बघत नाही, चामडी जाड असते, फुटत नाही, आणि सूज चार-सहा दिवसांत उतरते. माणूस चालतो तेव्हा मात्र कळतं. म्हणून लगेच बघा म्हणाल्या, फोटो घ्या, आणि तपासताना पोलिसाला खोलीबाहेर थांबवा. पोलीस समोर असताना विचारलेला प्रश्न हा प्रश्नच नाही म्हणाल्या. हे मी लिहून घेतलंय. तारखेसकट. अक्षर फार सुंदर आलंय.

आता ऐका. सुकाला आणलं तो दिवस. बरोबर तेवीस दिवस झाले. केबल चोरीची केस — तांब्याची केबल काही अजून सापडलेली नाही म्हणे, पण कबुली सापडलीय. त्यांना घेऊन आले ते हवालदार रामनाथ. रामनाथ म्हणजे कोण? माझे मामेसासरे. सासूबाईंचे सख्खे भाऊ. हं, आता बघा तुम्ही माझ्याकडे. मी रुजू झाले ती त्यांच्या शब्दावर. माझ्या लग्नात मांडवाला शेवटची गाठ मारणारे तेच, पाठवणीला मी रडत होते तर 'रडू नको सुनबाय, घिवली काय लांब हाय काय, माजी गाडी हाय ना' म्हणून मला गाडीत बसवणारे तेच. अजून घरी आले की कागदात गुंडाळून बोंबील आणतात, आणि पिशवी माझ्याच हातात देतात, सासूबाईंच्या नाही. मोठा माणूस आहे हो. त्यांनी मारलं असं मी म्हणत नाही. त्यांनी मारलं नाही असंही मी म्हणत नाही. मला माहीत नाही. मी विचारलंच नाही, तर माहीत कसं असेल.

ते आत आले तशी मी उठून उभी राहिले. ओढणी डोक्यावर घेतली — दवाखान्यात, हो, कॉम्प्युटरसमोर. ते म्हणाले, 'आटप लवकर सुनबाय, मला अजून पालघरला जायाचाय.' आणि खुर्ची ओढून बसले, तिथे, तुमच्या बाकड्याच्या जागी. आता मला तेव्हा काय म्हणायचं होतं? सहा शब्द. 'मामा, तुम्ही जरा बाहेर थांबा ना.' प्रशिक्षण झालेलं, प्रमाणपत्र भिंतीवर. पण तानीताई, तुम्हीही सासरी नांदता, तुम्हीच सांगा, तीन महिन्यांची सून मामेसासऱ्यांना खोलीबाहेर काढते का? ते आले की आपण बाहेर जायचं असतं. त्या बाईंनी युद्ध सांगितलं, आणीबाणी सांगितली, वरचा आदेश सांगितला. प्रश्न विचारा म्हणाल्या शेवटी, तेव्हा मी गप्प बसले, श्रीखंड अंगावर आलं होतं. आता विचारलं असतं — बाई, यातलं काही नाही, पण मामेसासरे असले तर?

मी विचारलं, 'काही त्रास आहे का?' सुकाने आधी मामांकडे बघितलं, मग म्हणाले, 'नाय.' फॉर्मातही नाहीच होतं, मला काही बदलावं लागलं नाही. काम झटपट.

मग वजन. वजन करावंच लागतं, तो रकाना कोरा असतो. रखमामावशीने तेवढ्यात फरशी पुसली होती, ओली होती. त्या दिवशी मला जोडवी चावत होती, नवीन जोडवी, दोन्ही बोटांना फोड आलेले, आणि मी सकाळपासून रखमामावशीकडे रडगाणं लावलं होतं की मेले गं, चालवत नाही. तर मी आपली खाली बघतेय. मान खाली, सवयीने. सुका स्टुलावरून उठले आणि काट्याकडे गेले, चार पावलं. ओल्या फरशीवर पाऊल कसं उमटतं, पूर्ण, पाचही बोटं — त्यांची पावलं उमटलीच नाहीत. नुसत्या कडा. बाहेरच्या कडा, कुणी चंद्रकोर काढावी तशा, चार. काट्यावर चढायला पाय उचलला तेव्हा तळवा दिसला. वांग्याचा रंग असतो ना, जांभळा-काळा. मला पायच दिसतात हो आधी. दुसऱ्या कुणाला नसता दिसला.

वजन शेहेचाळीस. ते बघा, पहिल्या पानावर आहे. ते खरं आहे. त्या तीन पानांत तेवढंच काय ते मी बघून लिहिलं.

आणि मग दुसऱ्या पानावरचं ते चित्र — उलटा — हां, हा माणूस. पुढून एक, मागून एक. जखम जिथे असेल तिथे फुली मारायची. माझं धाडस बघा, मी पेन उचललं होतं. मामा मोबाईल बघत होते. मी त्या चित्रावर तळवा शोधत होते. पुढून बघितलं, तो उभा आहे. मागून बघितलं, तिथेही उभा आहे. चित्रातल्या माणसाला तळवे नाहीत तानीताई. ज्याने हे चित्र काढलं त्याला वाटलं असेल, उभ्या माणसाचे तळवे कुणाला दिसणार. मला इतकं बरं वाटलं तेव्हा. लाज वाटते सांगताना, पण बरं वाटलं. म्हटलं, जागाच नाही तर मी काय करू. पेन ठेवलं. छापलं. 'काही आहे का?' 'नाही सर.'

माठाजवळ रुमाल आहे, स्वच्छ आहे, घ्या.

घरी निमेशला सांगितलं. मामांचं नाव न घेता सांगितलं आणि त्याला पहिल्या वाक्यातच कळलं. म्हणाला, तू मारताना बघितलंस का? नाही ना? मग मामाला मध्ये कशाला आणते. कूस बदलली. मला वाटलं झोपला. तर थोड्या वेळाने विचारतो, 'किती सुजले होते?' मी हाताने दाखवलं. सकाळी पहिली पाळी होती, शिफ्टच्या बसला जाताना माझी जोडवी घेऊन गेला खिशात घालून, संध्याकाळी सोनाराकडून सैल करून आणली. त्याला तेवढंच सुचलं. मलाही तेवढं सुचलं नव्हतं.

मग मी सराव सुरू केला. हो, सराव. मोरीत भांडी घासताना हळू आवाजात — 'मामा, तुमी जरा बाहेर थांबा.' नारळाच्या झाडाला म्हणून बघितलं, झाडाला व्यवस्थित म्हणता येतं. मागच्या रविवारी मामा जेवायला आले. मी ठरवलं, आज काही काम नसताना सहज म्हणून बघायचं, आवाज निघतो का. ते पडवीत बसले होते. मी म्हटलं, 'मामा —' ते म्हणाले, 'काय सुनबाय?' मी म्हटलं, 'मामा, तुम्ही जरा —' ते म्हणाले, 'पाणी? आण आण.' आणि मी पाणी आणलं. वर गुळाचा खडा आणला. सासूबाई म्हणाल्या, 'न सांगता कळतं गो पोरीला.'

तर प्रिंटर बंद नव्हता. ते सांगायचं राहिलं होतं. चालूच होता. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी त्याच्यावर माझ्या वहिनीच्या पोराचा बोनाफाईड छापला. आणि प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा तो सांगेल त्याला द्यावीच लागते, असा कायदाच आहे, तो आपला, घरचा, त्याला साखरपुडा-लग्न काही लागत नाही. तुम्ही मागायचीसुद्धा गरज नव्हती. त्याच दिवशी द्यायची होती. मला माहीत होतं. मला सगळं माहीत असतं, हीच तर माझी अडचण.

काय म्हणालात? परत म्हणा.

लिहून द्या. हं. मला वाटलंच तुम्ही हे म्हणणार, म्हणून मी तुम्हाला सव्वादोनच्या बसने पाठवत होते.

अहवालात आता मला बोट लावता येणार नाही, सही झालेली आहे, खाडाखोड केली तर उलट तुमचीच बाजू पडेल. वेगळ्या कागदावर लिहिता येईल. मी काय बघितलं तेवढंच. तुमच्या वकीलबाई बघतील त्याचं काय करायचं ते. आणि या हेतललाही सोडू नका म्हणावं, तिचा उपयोग होईल. ज्या माणसाच्या हातावर नसलेली बाई मी लिहून ठेवली, त्याच्या अंगावर जखम नाही हे मी कशावरून लिहिलं, असं विचारू दे कोर्टाला. मला विचारू दे. माझी नोकरी — कंत्राटाला मार्चपर्यंत मुदत आहे. होती म्हणू. घरी काय होईल? बोंबील बंद होतील. हसू नका, मला फार आवडतात.

कागद आहे. पेनही आहे, छळप्रतिबंधाचं. थांबा, वाचून दाखवते लिहिता लिहिता, म्हणजे मधेच थांबले तर तुम्हाला कळेल. 'मी खाली सही करणार, हेमांगी, कॉम्प्युटर ऑपरेटर.' इथवर काही धोका नाही. 'सुका यांच्या तपासणीच्या वेळी मी खोलीत हजर होते. त्यांचे दोन्ही तळवे सुजलेले व काळेनिळे झालेले मी स्वतः पाहिले. ते पावलांच्या कडांवर चालत होते. अहवालातील ताजी जखम नाही हे वाक्य मी त्यांना पाहण्याआधीच टाइप केलेले होते.' बघा, लिहिलं की केवढंसं दिसतं. 'तपासणीच्या वेळी खोलीत मामा —'

अरे देवा. मामा लिहिलं. कोर्ट विचारेल, कुणाचे मामा. खोडते. मोठ्यांचं नाव घ्यायचं नाही, हे हाताला पण माहीत झालंय की काय. तुम्हाला मघाशी सांगितलं ते निघून गेलं तोंडातून, पण लिहायचं म्हणजे — 'पोलीस हवालदार' लिहिते. हवालदार कितीतरी आहेत, नाव नको लिहायला, नुसतं हवालदार चालेल ना? नाही चालणार. नका काही बोलू, मला कळलं तुमच्या बघण्यावरून. रा. म. ना. थ. आडनाव. बक्कल नंबर मला पाठ आहे, त्यांच्या छातीवर दिसतो, मान फार वर करावी लागत नाही. झालं. सही. तारीख.

हे सोपं असतं हो, सही करणं. लगेच फार शूर समजू नका मला. देशानेही केलीय.

गाडीचा आवाज आला का? नाही, ती रिक्षा असेल. नाही — गाडीच आहे. अडीच वाजले? बघा, पोलीस वेळेवर येत नाहीत म्हणतात लोक. तुम्ही उठू नका. मागचं दार आहे, पण नको, उठू नका, तुमचं इथे बसणं बेकायदा थोडंच आहे. तो कागद पिशवीत घाला. नाही, हातात धरा. नाही नाही, पिशवीतच घाला, मी अजून तेवढी शूर झाले नाही. खाली घाला, डब्याच्या खाली.

माझी ओढणी — असू दे. खांद्यावरच असू दे.

या मामा. हो, जेवले. या? या तानीताई, सुकाच्या घरच्या, प्रत न्यायला आल्यात. हो, दिली. आजच दिली, उशीरच झाला द्यायला. पाणी? पाणी माठात आहे मामा. नाही, मी आणत नाहीये. मामा — खुर्ची नका ओढू. तुमी जरा बाहेर थांबा. नाही, बरी आहे मी. उंबऱ्यात नाही, पलीकडे, पेशंटच्या बाकड्यावर. सरांनी नाही सांगितलं, मीच सांगतेय. सांगा ना, सासूबाईंना सांगा, मी पण संध्याकाळी सांगणारच आहे. दार ओढून घ्या जाताना.

तुम्ही या बाबा, इकडे बसा. नाव नंतर विचारते. आधी पाय वर घ्या — दोन्ही. तळवे बघू.